काटे दुरुस्त करून मिळतील

आधी मी लिहिलं होतं:
'तीन पिढ्यांच्या विश्वासाची अतूट परंपरा.'
हकीमभाईंनी चष्मा कपाळावर चढवला,
मोबाईल हातभर लांब धरला, वाचलं,
आणि म्हणाले, 'बेटा, हे तर
समोरच्या बेडशीटवाल्यालापण चालेल.'

घरी, कर्वेनगरला, आधी 'अतूट' काढलं.
मग 'परंपरा'. मग पिढ्या, तिन्ही.
'विश्वास' एकटाच उरला,
लग्नानंतर कार्यालयात राहून गेलेल्या
कुणाच्या तरी छत्रीसारखा.
तोही काढला.
शब्दाला दीड रुपया मिळतो मला.
साडेसात रुपये स्वतःच्या हातानं खोडले.

दुसऱ्या दिवशी बोहरी आळीत गाडी लावायला जागा नाही.
पार लक्ष्मी रोडला लावून चालत आले,
दोरखंड, बिजागऱ्या, हातगाडीवाल्याची 'ओ ताई, पाय!'
दुकानात एक स्टूल. त्यावर बसले
आणि दुपारभर काही लिहिलं नाही.

फोन: 'भाजीचा काटा आहे, चहा सांडला,
आकडे नाचतायत.'
फोन: 'सोन्याचा आहे. दुपारी बरोबर दाखवतो,
संध्याकाळी गिऱ्हाईक आलं की हलतो.'
'संध्याकाळी फॅन लावता?'
'हो.'
'बंद करा. काटा बरोबर आहे.'
फोन ठेवला. ना पैसे, ना पावती.
मी वहीच्या कोपऱ्यात 'फॅन' लिहून
त्याखाली रेघ मारली.

दारात एक मुलगा: 'शिक्का तुम्हीच मारता ना?'
'शिक्का सरकारचा. आपण फक्त खरं करून देतो.'

हिशेब बघते ती त्यांची मुलगी, तस्नीम.
तिला हवं होतं 'पुण्यातील अग्रगण्य'.
'लोक तेच शोधतात,' म्हणाली. तेही खोटं नाही.
हकीमभाईंनी पितळी तराजू उचलला,
एका पारड्यात दोनशे ग्रॅमचं वजन ठेवलं,
दुसरं माझ्यासमोर धरलं: 'टाक इथे अग्रगण्य.'
'अब्बा, नाटक नको,' तस्नीम म्हणाली.

रात्री लिहिलं ते असं:

आकडे नाचत असतील तर काटा घेऊन या.
त्याआधी फॅन बंद करून बघा,
पुष्कळदा तेवढंच असतं.
लहान काटा सकाळी दिला तर संध्याकाळी मिळतो.
मोठ्याला दोन दिवस लागतात.
शिक्का सरकारी कचेरीत. आम्ही मारत नाही.
शुक्रवारी दुपारी एक ते तीन बंद.
गाडी लावायला जागा नाही.

'फॅनचं कशाला?' तस्नीम. 'आलेलं गिऱ्हाईक घालवायचं?'
हकीमभाईंनी दोनदा वाचलं.
एवढंच म्हणाले:
'एक ते अडीच. तीन नाही.'

पंधरा दिवसांनी मी बिल घेऊन गेले तेव्हा
भोरकडून फोन होता. शेवंता दुधाणे, अंगणवाडी.
'तुमचं वाचलं. आमच्याकडं फॅनच नाही,
तरी हलतो.
एका पोरीचं वजन दोन महिने वाढंना.
आई रडती. मला कळंना,
पोरगी कमी भरती का काटाच खोटा.'

हकीमभाई थोडा वेळ काही बोलले नाहीत.
मग, 'आजच आणा. उद्या शुक्रवार.'
आणि फोन ठेवून माझ्याकडे वळले:
'स्वारगेटला उतरून कसं यायचं,
ते कुठे लिहिलंस?'

स्टुलावर बसूनच लिहिलं.
स्वारगेटहून रिक्षावाल्याला
सोन्या मारुती चौक सांगा.
पुढं कुणालाही काटेवाला विचारा.
ओझं जड असेल तर चौकातूनच फोन करा,
कुणीतरी घ्यायला येईल.

त्यांनी मोबाईल मागितला, हातभर लांब धरला,
जाड बोटानं बराच वेळ चाचपडत
'कुणीतरी' खोडलं.
तिथं लिहिलं, 'मी'.